वॉटर, वॉडर की वॉ-अ? इंग्रजीतला ‘बरोबर’ उच्चार नेमका ठरवतं कोण?

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूब शॉर्ट्सवर हा प्रकार तुम्ही एकदा तरी पाहिला असेल. एक अमेरिकन आपल्या ब्रिटिश मित्राला ‘बॉटल ऑफ वॉटर’ म्हणायला सांगतो. मित्र म्हणतो, ‘बॉ-ओ-अ-वॉ-अ’. सगळे ‘ट’ गायब. अमेरिकन हसून लोळतो आणि खाली कमेंट्सचा पाऊस पडतो. इंग्रजी ज्यांची, त्यांनाच ती बोलता येत नाही वगैरे.

गंमत म्हणजे त्या हसणाऱ्या अमेरिकनाच्या तोंडातही ‘ट’ नसतो. तो ‘वॉडर’ म्हणतो. त्याची जीभ टाळ्याला नुसती चाटून जाते आणि ‘ट’चा जवळजवळ ‘ड’ होतो. लंडनच्या पोराने काय केलेलं असतं? त्याने ‘ट’च्या जागी घसा क्षणभर बंद केलेला असतो. लहान मुलाला एखाद्या वस्तूला हात लावू नको हे सांगताना आपण ‘अ-अ’ म्हणतो ना? त्या दोन ‘अ’च्या मध्ये घशात जो अटकाव होतो, तोच हा आवाज. तो फक्त लंडनचाही नाही, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतही सर्रास ऐकू येतो.

आणि ‘वॉटर’ एवढ्या दोन आवाजांवर थांबत नाही. अमेरिकेतच फिलाडेल्फियाला गेलात तर जुने रहिवासी ‘वूडर’ म्हणतात. बॉस्टन किंवा सिडनीमध्ये शेवटचा ‘र’ गळून ‘वॉडा’च्या जवळचं काहीतरी ऐकू येतं. डब्लिनमध्ये ‘र’ असतो, पण ‘ट’ हवेत विरल्यासारखा ‘स’कडे झुकतो. पाणी एकच, मागण्याच्या तऱ्हा मात्र डझनभर.

यातला बरोबर कुठला? शाळेत आपल्याला एकच उत्तर शिकवलेलं असतं. इंग्रजी बोलणाऱ्यांचा इतिहास पाहिला की ते उत्तर फार टिकत नाही.

‘र’ कुणी खाल्ला?

इंग्रजीच्या उच्चारांतला सगळ्यात मोठा फरक एका अक्षराचा आहे. ‘कार’, ‘पार्क’, ‘फोर्थ’ या शब्दांतला ‘र’ म्हणायचा की गिळायचा?

लंडनच्या बातम्यांमध्ये ‘का’, ‘पाक’, ‘फॉथ’ असं ऐकू येतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘र’ जीभ वळवून ठसठशीत म्हणतात. त्यामुळे आपल्याकडे एक समज आहे, की मूळ शुद्ध उच्चार ब्रिटिशांचा आणि अमेरिकनांनी तो बिघडवला. घडलं आहे उलटं. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्येही हा ‘र’ म्हटला जात होता. अमेरिकेत जाऊन वसलेले पहिले इंग्रज तोच ‘र’ सोबत घेऊन गेले. पुढे १८व्या शतकात लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये तो गळायला लागला. १७९१मध्ये जॉन वॉकर यांनी इंग्रजीचा उच्चारकोश छापला, त्यात लंडनमधला हा ‘र’ जेमतेम ऐकू येतो अशी नोंद आहे.

म्हणजे या एका बाबतीत अमेरिकन उच्चार जुना आणि लंडनचा नवा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये मात्र ‘र’ टिकून राहिला. सिनेमातले समुद्री चाचे ‘आर्रर्र’ करत बोलतात, ते याच नैर्ऋत्य इंग्लंडमुळे. १९५०च्या ‘ट्रेझर आयलंड’ या डिस्नेच्या सिनेमात लाँग जॉन सिल्व्हर झालेले रॉबर्ट न्यूटन डॉर्सेट परगण्यात जन्मलेले होते. त्यांनी तिकडचा खणखणीत ‘र’ भूमिकेत वापरला आणि जगभरचे चाचे तेव्हापासून डॉर्सेटचे झाले.

अमेरिकेत पुढे वेगळंच घडलं. बॉस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्स्टन या बंदरांच्या शहरांचा लंडनशी सतत संबंध होता. तिथल्या श्रीमंतांनी लंडनची फॅशन उचलली आणि ‘र’ सोडून दिला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची भाषणं यूट्यूबवर आहेत, ऐकून पाहा. अमेरिकेचा अध्यक्ष आणि तोंडात शब्दाअखेरचा ‘र’ जवळपास नाही! त्या काळी तो खानदानी असण्याचा पुरावा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनचा दबदबा ओसरला आणि अमेरिकेत ‘र’ न म्हणणं हळूहळू खालच्या वर्गाची खूण ठरलं. न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला तसाच बोलत राहिला, त्याच्या बोलण्याची किंमत तेवढी बदलली.

तीन दुकानं आणि एक साधा प्रश्न

ही किंमत कशी ठरते, हे विल्यम लबोव या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६२मध्ये फार साध्या युक्तीने दाखवून दिलं.

त्यांनी न्यूयॉर्कमधली तीन मोठी दुकानं निवडली. श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गीयांचं मेसीज आणि स्वस्त मालाचं एस. क्लाइन. प्रत्येक दुकानात आधी बघून ठेवलं, की चौथ्या मजल्यावर कोणता माल मिळतो. मग विक्रेत्यांना विचारायचं, अमुक विभाग कुठे आहे? उत्तर ठरलेलं, ‘फोर्थ फ्लोअर’. दोन शब्द आणि दोन्हींत ‘र’. उत्तर मिळालं की नीट ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारायचं. समोरचा माणूस आता शब्द जपून, ठासून बोलणार. मग कोपऱ्यावर वळून गुपचूप वहीत नोंद करायची.

अशी २६४ जणांची नोंद झाली. सॅक्समधल्या साधारण ६२ टक्के विक्रेत्यांच्या बोलण्यात ‘र’ सगळीकडे किंवा काही वेळा तरी ऐकू आला. मेसीजमध्ये ५१ टक्के आणि एस. क्लाइनमध्ये फक्त २० टक्क्यांच्या आसपास. सॅक्सच्या आतही फरक होता. महागड्या वरच्या मजल्यांवर ‘र’ जास्त, गर्दीच्या तळमजल्यावर कमी.

यातली लक्षात ठेवण्यासारखी बाब म्हणजे हे विक्रेते स्वतः कोट्यधीश नव्हते. पगार सगळ्यांचा विक्रेत्याचाच. पण रोज ज्या गिऱ्हाइकांशी बोलायचं, त्यांचा आवाज त्यांच्या जिभेवर बसला होता. आणि मेसीजमध्ये दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘र’चं प्रमाण चांगलंच वाढायचं. म्हणजे कोणता उच्चार ‘भारी’ समजला जातो हे लोकांना पक्कं ठाऊक होतं, एरवी घाईत तो निसटत होता. पाहुणे आले की आपली भाषा बदलते, तसंच.

लबोव २०२४च्या डिसेंबरमध्ये वयाच्या ९७व्या वर्षी गेले. भाषा आणि समाज यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या आजच्या शाखेचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतात. सुरुवात मात्र ‘चौथा मजला’ या दोन शब्दांच्या उत्तरासारख्या गोष्टींतून झाली.

मराठीने उचलला लंडनचा ‘आ’

आता इंग्लंडमध्ये परत येऊ, कारण तिथलं मोठं भांडण ‘र’वरून नाही, ‘आ’वरून आहे.

‘बाथ’ की ‘बॅथ’? ‘ग्लास’ की ‘ग्लॅस’? लंडन आणि दक्षिणेकडे लांब ‘आ’. मँचेस्टर, लीड्स, न्यूकॅसल या उत्तरेकडच्या शहरांत आखूड, ‘अ’ आणि ‘ॲ’च्या मधला स्वर. उत्तरेकडचे लोक दक्षिणेच्या ‘बाथ’ला नखरा समजतात, दक्षिणेकडचे उत्तरेच्या ‘बॅथ’ला गावठी. खुद्द न्यूकॅसलच्या नावाचा वाद आहे. लंडनहून आलेला माणूस ‘न्यूकासल’ म्हणाला, की तो बाहेरचा आहे हे गावकऱ्यांना लगेच कळतं. ऑस्ट्रेलियात याच नावाचं शहर आहे, तिथले लोक मात्र स्वतःच ‘न्यूकासल’ म्हणतात.

इथेही जुना आवाज उत्तरेचा. लांब ‘आ’ दक्षिणेत नंतर रुजला. वर ज्यांचा उल्लेख आला त्या जॉन वॉकर यांना तर ‘बास्केट’, ‘प्लांट’, ‘आफ्टर’ यांसारख्या शब्दांतला लांब ‘आ’ जवळजवळ असभ्य वाटत होता. तोच ‘आ’ शंभर वर्षांत राजघराण्याचा आणि महागड्या निवासी शाळांचा आवाज बनला.

आणि तोच आपल्याकडे आला. तुम्ही रोज बोलता त्या मराठीत याचा पुरावा पडलेला आहे. क्लास, ग्लास, पास, लास्ट, चान्स, डान्स, फास्ट लोकल. हे सगळे शब्द अमेरिकेत ‘क्लॅस’, ‘ग्लॅस’, ‘फॅस्ट’ असे होतात. आपल्याकडे ते लांब ‘आ’ घेऊन आले, कारण इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी आदर्श दक्षिण इंग्लंडचा होता. याउलट ‘बॅट’, ‘मॅच’, ‘बॅग’ हे शब्द लंडनमध्येही आखूडच होते, म्हणून आपल्याकडेही ते ‘ॲ’ घेऊन बसले. हा आवाज लिहायला देवनागरीत अक्षर नव्हतं, तर मराठीने त्यासाठी चंद्रकोर वापरली. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हं इंग्रजीच्या पाहुणचारासाठीच आली. (‘ब्रँच’ आणि ‘प्लँट’ मात्र लंडनचा नियम मोडून आपल्याकडे चंद्रकोर लावून फिरतात. भाषा म्हटलं की असं काहीतरी निघतंच.)

‘र’च्या बाबतीत आपण लंडनचं ऐकलंच नाही. साहेब ‘का’ आणि ‘डॉक्ट’ म्हणत असताना आपण ‘कार’ आणि ‘डॉक्टर’ लिहिलं आणि म्हटलं. बहुतेकांनी इंग्रजी कानापेक्षा पुस्तकातून शिकली. स्पेलिंगमध्ये ‘र’ होता, म्हणून तोंडातही आला. त्यामुळे मराठी माणसाच्या इंग्रजीत स्वर लंडनचा आणि ‘र’ छापील पानाचा, असं मिश्रण तयार झालं.

टोमॅटो नक्की कुणाचा?

काही शब्दांची भांडणं छोटी पण चविष्ट आहेत.

ब्रिटिश ‘टोमाटो’ म्हणतात, अमेरिकन ‘टोमेटो’. १९३७च्या ‘शॅल वी डान्स’ या सिनेमात या फरकावर अख्खं गाणं आहे. मराठी ‘टोमॅटो’ या दोघांपैकी कुणाचाच नाही. आपण तिसराच उच्चार करून भाजीत घातला. मूळ शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला ‘तोमात्ल’, स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आलेला. त्या हिशेबाने इंग्रजांचाही उच्चार उधारीचाच.

‘शेड्यूल’ की ‘स्केड्यूल’? ऑफिसच्या मीटिंगमध्ये दोन्ही ऐकू येतात आणि दोन्ही गट एकमेकांना मनातल्या मनात सुधारत असतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याची सुरुवात साध्या ‘स’ने व्हायची. नंतर स्पेलिंग बदललं आणि ते वाचून दोन नवे उच्चार तयार झाले. ‘स्क’ला अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांच्या शब्दकोशाने बळ दिलं. मूळ ‘स’ तर दोघांनीही सोडला.

‘हर्ब’ म्हणताना अमेरिकन ‘ह’ खातात आणि ‘अर्ब’ म्हणतात. ब्रिटिश विनोदवीरांनी यावर भरपूर टाळ्या घेतल्या आहेत. पण फ्रेंचमधून आलेल्या या शब्दातला ‘ह’ इंग्लंडमध्येही पूर्वी मुकाच होता. तो म्हणायची पद्धत तिथे १९व्या शतकात रूढ झाली. ‘व्हिटॅमिन’ आपण ब्रिटिशांसारखं म्हणतो, अमेरिकेत ते ‘व्हायटॅमिन’. ‘लेफ्टनंट’ही ब्रिटिशांकडचाच, अमेरिकेत ‘लूटेनंट’. आणि शेवटचं अक्षर ब्रिटिशांना ‘झेड’, अमेरिकनांना ‘झी’. महाराष्ट्रात दोन्ही सुखाने नांदतात. अक्षर ‘झेड’, चॅनेल ‘झी’.

अमेरिकेच्या आतही एकमत नाही. ‘पिकॅन’ नावाच्या सुक्यामेव्याचे, ‘कॅरमेल’चे, ‘आंट’ म्हणजे मावशी-काकूचे उच्चार राज्यागणिक बदलतात. दक्षिणेकडच्या राज्यांत बऱ्याच जणांच्या बोलण्यात ‘पिन’ आणि ‘पेन’ एकच होतात. म्हणून लिहायचं पेन हवं असेल तर तिकडे ‘इंक पेन’ मागायची पद्धत आहे. भाषाशास्त्रज्ञ बर्ट वॉ यांनी हार्वर्ड विद्यापीठात असताना अशा शब्दांची देशभर पाहणी केली होती. २०१३च्या डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या प्रश्नांवर आधारलेली एक क्विझ टाकली. काही शब्द कसे म्हणता ते सांगा, तुम्ही कुठे वाढलात ते आम्ही ओळखतो. वर्ष संपायला जेमतेम दहा दिवस होते, तरी ती त्या वर्षातली त्यांच्या साइटवरची सगळ्यात जास्त पाहिली गेलेली गोष्ट ठरली.

न्यूझीलंडची चौथी सीट

क्रिकेट बघणाऱ्यांना न्यूझीलंडच्या समालोचकांचा अनुभव असेलच. ‘सिक्स’ ऐकू येतं ‘सक्स’, ‘टेन’ ऐकू येतं ‘टिन’ आणि ‘बॅट’ जवळजवळ ‘बेट’. शेजारच्या ऑस्ट्रेलियात उलट, ‘फिश’ थोडं ‘फीश’कडे झुकतं. ‘फिश अँड चिप्स’ मागवा, दोन्ही देशांचे लोक एकमेकांची टिंगल करायला लागतील.

हे वरवर पाहता बेशिस्त वाटतं. प्रत्यक्षात त्यात कडक शिस्त आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथा येऊन टेकतो तेव्हा काय होतं? प्रत्येक जण थोडा सरकतो. न्यूझीलंडमध्ये ‘ॲ’ सरकून ‘ए’च्या जागेवर टेकला. ‘ए’ला जागा उरली नाही, तो ‘इ’कडे सरकला. आणि ‘इ’ बाकावरून उठून मधल्या पॅसेजमध्ये, म्हणजे ‘अ’जवळ जाऊन उभा राहिला. अख्खी रांग हलली, पण कोणी कोणाच्या मांडीवर बसलं नाही. म्हणून तिथल्या लोकांचा आपापसात गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो फक्त बाहेरच्यांचा.

हे नुसते तर्क नाहीत. १९४०च्या दशकात न्यूझीलंडच्या रेडिओने एक फिरतं ध्वनिमुद्रण पथक गावोगावी पाठवलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मुद्रित करण्यासाठी. त्यातले काही जण १८५०च्या दशकात जन्मलेले होते. कँटरबरी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढे तीच मुद्रणं वापरून एका देशाचा उच्चार जन्मापासून कसा घडला, याचा माग काढला. इंग्रजीच्या बाबतीत इतका जुना आवाजी पुरावा फार कमी ठिकाणी आहे.

‘ॲक्स’ म्हणणारे अडाणी?

आतापर्यंतचे किस्से हसण्यावारी नेता येतील. इथून पुढचे तितके हलके नाहीत.

‘आस्क’ या शब्दाला ‘ॲक्स’ म्हणणारे अनेक लोक आहेत. बरेच कृष्णवर्णीय अमेरिकन, कॅरिबियन बेटांवरचे लोक, लंडनमधले कॅरिबियन वंशाचे तरुण. या एका शब्दावरून त्यांना अशिक्षित ठरवलं जातं. पण जुन्या इंग्रजीत या क्रियापदाची दोन्ही रूपं होती, ‘स-क’ क्रमाचं आणि ‘क-स’ क्रमाचं. १४व्या शतकातल्या कवी चॉसरच्या लिखाणात ‘ॲक्स’ सापडतं. १५३५मध्ये छापलेल्या माइल्स कव्हरडेल यांच्या इंग्रजी बायबलमध्येही ते आहे. तेव्हा ते कुणाला चूक वाटलं नाही. कालांतराने लंडनच्या वजनदार लोकांनी ‘आस्क’ धरलं आणि ‘ॲक्स’ गरिबांकडे उरलं.

दोन आवाजांची अशी अदलाबदल मराठीला नवीन नाही. ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ आपण सगळ्यांनी ऐकलं आहे आणि त्यावर कोण हसतं तेही पाहिलं आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या विदर्भातल्या किंवा खेड्यातल्या मुलाला शहरातल्या वर्गात काय ऐकावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. प्रमाण मराठी पुण्याच्या शिकलेल्या वर्गाच्या बोलीभोवती घडली, म्हणून तिथला ‘ण’ शुद्ध ठरला. बाकी यंत्रणा न्यूयॉर्कच्या दुकानांसारखीच.

उत्तर आयर्लंडमध्ये तर इंग्रजी मुळाक्षरांतल्या आठव्या अक्षरावरून धर्म ओळखण्याची सवय आहे. ‘एच’ म्हणणारा प्रोटेस्टंट, ‘हेच’ म्हणणारा कॅथलिक, असा तिथला ढोबळ हिशेब. तीन दशकं चाललेल्या हिंसाचाराच्या काळात समोरचा कोण आहे हे कळणं साधी गोष्ट नव्हती. एका अक्षरावरून ते कळू शकत होतं.

बीबीसीवर ‘गुड नीट’

उच्चार ‘ठरवण्याचा’ अधिकृत प्रयत्नही झाला आहे. बीबीसीने १९२६मध्ये बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीसाठी सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष. त्यांच्यानंतर ते पद जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्याकडे आलं. फुलं विकणाऱ्या मुलीचे उच्चार बदलून तिला सरदारीण म्हणून मिरवणाऱ्या प्राध्यापकाचं ‘पिग्मॅलियन’ हे नाटक लिहिणारे तेच शॉ. पु. ल. देशपांडे यांनी मराठीत ‘ती फुलराणी’ केलं, ते याच नाटकावरून. निवेदकांनी कोणता शब्द कसा म्हणायचा याच्या याद्या ही समिती काढायची. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचं काम थांबलं.

तोपर्यंत एक विशिष्ट उच्चार ‘बीबीसी इंग्लिश’ म्हणून जगभर पोहोचला होता. प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये तसं बोलणारे किती होते? भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७०च्या दशकात बांधलेला अंदाज साधारण ३ टक्क्यांचा होता.

१९४१मध्ये बीबीसीने एक धाडस केलं. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सचे विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. जर्मन रेडिओ इंग्रजीतून प्रचार करत होता. ठरावीक बीबीसी सुराची नक्कल शत्रूला सोपी, यॉर्कशायरची अवघड, असाही एक विचार त्यामागे सांगितला जातो. पिकल्स उत्तरेकडचा आखूड ‘ॲ’ वापरायचे आणि उत्तरेतल्या श्रोत्यांना निरोप देताना तिकडच्या पद्धतीने ‘नाइट’चं ‘नीट’ करायचे. मराठी कानाला तर ‘गुड नीट’ अगदी नीटच वाटेल! तिकडे मात्र तक्रारी आल्या. अशा आवाजातल्या बातम्यांवर विश्वास बसत नाही, असं काही श्रोत्यांचं म्हणणं होतं. बातम्या त्याच होत्या, त्याच कार्यालयात लिहिलेल्या.

पिकल्स बातम्यांमध्ये फार काळ राहिले नाहीत. पण १९४६पासून दोन दशकं त्यांनी ‘हॅव अ गो’ हा रेडिओवरचा कार्यक्रम केला. गावोगावच्या साध्या माणसांशी गप्पा मारणारा. तो ब्रिटनच्या सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रमांपैकी एक झाला.

फोनवरचा आवाज आणि भाड्याचं घर

अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ जॉन बॉ हे कृष्णवर्णीय आहेत. सॅन फ्रान्सिस्कोजवळ घर शोधताना त्यांना एक विचित्र अनुभव यायचा. फोनवर घरमालक लगेच बोलवायचे, समोर गेलं की घर अचानक गेलेलं असायचं. फोनवर त्यांचा आवाज गोऱ्या माणसाचा वाटायचा. त्यांनी याचाच प्रयोग केला. एकाच माणसाने, म्हणजे त्यांनीच, जाहिरात दिलेल्या घरमालकांना तीन ढंगांत फोन केले. गोऱ्यांच्या प्रमाण इंग्रजीत, कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत आणि मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या इंग्रजीत. वाक्य तेच. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दिसलं, की गोऱ्या वस्त्यांमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या ढंगाला घर बघायला येण्याची वेळ कमी वेळा मिळाली.

भारतीय उच्चाराची गोष्ट अमेरिकेत अनेक वर्षं ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतल्या अपू नावाच्या दुकानदाराने सांगितली. त्याला आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदवीराने २०१७मध्ये त्यावर माहितीपट काढला. शाळेत मुलं हाच आवाज काढून कशी चिडवायची, हे त्यात अनेक कलाकार सांगतात. २०२०मध्ये अझारिया यांनी ती भूमिका सोडली.

पुणे, मुंबई, बंगळुरूमधल्या कॉल सेंटर्समध्ये काम केलेल्यांना हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. २०००च्या दशकात तिथे ‘ॲक्सेंट न्यूट्रलायझेशन’चे वर्ग चालायचे. ‘व’ आणि ‘व्ह’ वेगळे म्हणा, ‘ट’ मऊ करा, ‘थ’ म्हणताना जीभ दातांमध्ये आणा. (‘थ’चा भारतीय उच्चार चुकीचा मानला जातो खरा, पण ‘थ्री’ला ‘ट्री’ म्हणणारे आयरिश लोक जन्मापासून इंग्रजीच बोलतात.) आता हे काम सॉफ्टवेअर करू लागलं आहे. सनास या अमेरिकन कंपनीचं तंत्रज्ञान बोलणाऱ्याचा उच्चार फोनवर चालू संभाषणातच बदलून पलीकडे पोहोचवतं. टेलिपरफॉर्मन्स ही कॉल सेंटर चालवणारी जगातली मोठी कंपनी भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी ते वापरत असल्याच्या बातम्या २०२५च्या सुरुवातीला आल्या. समर्थकांचं म्हणणं, शिवीगाळ कमी होईल आणि कर्मचाऱ्याचा ताण हलका होईल. टीकाकार विचारतात, शिवी देणारा ऐकणारा असताना दुरुस्ती बोलणाऱ्याची का?

मग परदेशात जाणाऱ्याने कसं बोलायचं?

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस देणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. ब्रिटिश उच्चार शिकू की अमेरिकन? त्या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात चार गोष्टी तपासतात. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, आणि चारहींना सारखंच वजन. उच्चारात पाहिलं जातं ते तुमचं बोलणं समोरच्याला विनासायास कळतं का. शब्दातला जोर योग्य जागी पडतो का, वाक्याचा चढउतार अर्थाला धरून आहे का. मराठी वळणाच्या इंग्रजीला केवळ ती मराठी वळणाची आहे म्हणून गुण कमी होत नाहीत. तयारी करायची तर ती कानांची करायला हवी, कारण ऐकण्याच्या पेपरात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकेचे असे सगळे आवाज येतात. आणि तिथे न्यूझीलंडच्या बाईंनी ‘टिन’ म्हटलं, तर उत्तरपत्रिकेत १० लिहायचे असतात.